चंद्राचा काढता पाय

अलिबागच्या समुद्रांत उभा असलेला कुलाबा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी किनाऱ्यावर येतांच प्रथम एकच प्रश्न विचारतो : ओहोटी केव्हां? ओहोटीच्या वेळीं वाळू उघडी पडते आणि किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें. भरती आली कीं तीच वाट पाण्याखालीं नाहींशी होते. किल्ल्यांत रेंगाळलेल्या मनुष्यास मग होडीची तरी वाट पाहावी लागते, नाहीं तर पुढल्या ओहोटीची. किनाऱ्यावरच्या कोळ्यास मात्र हा प्रश्न कोणास विचारावा लागत नाहीं. मुंबई आणि तिच्या लगतचा कोंकणकिनारा यांवर तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ सुमारें मिळते, हा हिशेब त्याच्या तोंडीं असतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या पुढें-मागें पाणी पुरें चढतें. घड्याळ नसतांनाहि ज्या हिशेबावर होड्या समुद्रांत लोटल्या गेल्या, तो हिशेब चंद्राचा आहे.

हा हिशेब चोख आहे. परंतु त्याच्या तळाशीं एक बारीकशी गळती आहे. चंद्र ज्या भरती-ओहोटीस कारण होतो, तीच भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्यास रोज किंचित् अडविते आणि त्याच वेळीं चंद्रास पृथ्वीपासून रोज किंचित् दूर लोटते. दिवस लांबत आहे आणि चंद्र काढता पाय घेत आहे. ही कविकल्पना नव्हे. ती मोजलेली गोष्ट आहे. ती कशी घडते, कशी उघडकीस आली आणि तिचा शेवट कोठें, हें समजण्यास पृथ्वी आणि चंद्र या जोडीचें सूर्यमालेंतील स्थान आधीं पाहिलें पाहिजे.

सूर्याभोंवतीं आठ ग्रह फिरतात. त्यांत पृथ्वी तिसरी. सूर्यापासून तिचें सरासरी अंतर सुमारें १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर आहे. तिचा विषुववृत्तावरील व्यास १२,७५६ किलोमीटर, चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि दोघांमधील सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. हे आंकडे नुसते ऐकून मनांत ठसत नाहींत. यास्तव एक बारा सेंटिमीटर व्यासाचा सोललेला नारळ घ्यावा आणि ती पृथ्वी मानावी. मग चंद्र म्हणजे एक मोठी सुपारी, आणि ती नारळापासून साडेतीन मीटरांहून थोडी अधिक दूर ठेवावी लागेल. सूर्य मात्र तेरा मीटर व्यासाचा, म्हणजे चांगल्या चौमजली इमारतीएवढा गोळा होईल आणि तो चौदाशें मीटर दूर उभा करावा लागेल. चित्रांत पृथ्वी आणि चंद्र शेजारी शेजारी काढलेले असतात, त्यामुळें ह्या मोकळ्या अंतराची कल्पना बहुधा कोणास येत नाहीं.

आकारानें पाहतां चंद्र हा सूर्यमालेंतील उपग्रहांत पांचवा. गुरूचे गॅनिमीड, कॅलिस्टो व आयो आणि शनीचा टायटन हे चौघे त्याच्याहून मोठे आहेत. परंतु मोठेपणा धन्याच्या मानानें मोजला तर चित्र पालटतें. गुरूचें वस्तुमान गॅनिमीडच्या सुमारें १२,८०० पट आहे. पृथ्वीचें वस्तुमान चंद्राच्या अवघें ८१ पट आहे. बुध आणि शुक्र यांना उपग्रहच नाहीं. मंगळाचे दोन उपग्रह म्हणजे दोन खडकच होत. आठ ग्रहांत इतका मोठा सोबती इतक्या लहान ग्रहास दुसऱ्या कोठेंहि लाभलेला नाहीं. म्हणूनच ‘चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो’ हें म्हणणें पुरें खरें नाहीं. दोघेहि एका सामाईक मध्यबिंदूभोंवतीं फिरतात. तो बिंदु पृथ्वीच्या मध्यापासून सुमारें ४,६७० किलोमीटरांवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटांत पण पृष्ठभागाखालीं अवघ्या १,७०० किलोमीटरांवर आहे.

एवढा भारी सोबती जवळ असला म्हणजे त्याची ओढ जाणवल्यावांचून राहात नाहीं. गुरुत्वाकर्षण अंतराबरोबर कमी होतें. त्यामुळें पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिच्यावरील पाण्यास चंद्राची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षां अधिक लागते, आणि पलीकडल्या बाजूच्या पाण्यास ती मध्यापेक्षां कमी लागते. पाणी ह्यामुळें दोन्ही बाजूंस ताणलें जातें. एक फुगवटा चंद्राच्या समोर आणि दुसरा त्याच्या बरोबर विरुद्ध. पृथ्वी ह्या फुगवट्यांखालून फिरते, म्हणून एका अहोरात्रांत दोनदां भरती येते. दरम्यान चंद्रहि आपल्या मार्गावर पुढें सरकलेला असतो. म्हणून दोन भरत्यांमध्यें बारा तास नव्हे, तर सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात, आणि दुसऱ्या दिवशींची भरती पन्नास मिनिटें उशीरा येते. कोळ्याच्या पाऊणपटीचें मर्म हेंच. सूर्यहि पाणी ओढतो. तो फार मोठा असला तरी फार दूर असल्यामुळें त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून किंचित् कमी पडतो. अमावास्येस व पौर्णिमेस दोघे एका रेषेंत येतात, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनांत असतात, तेव्हां भांगाची भरती येते.

आतां गळतीकडे वळावें. पृथ्वी स्वतःभोंवतीं चोवीस तासांत फिरते, तर चंद्रास तिच्याभोंवतीं एक फेरा करावयास सत्तावीस दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. पृथ्वीची गति जलद, चंद्राची सावकाश. म्हणून पृथ्वी फिरतां फिरतां आपल्यावरील भरतीचा फुगवटा थोडा पुढें ओढून नेते; तो चंद्राच्या अगदीं समोर न राहतां त्याच्या किंचित् पुढें पडतो. खंडांच्या कडा आणि समुद्राचे उथळ तळ यांवर हें पाणी घांसतें, आणि कुंभाराच्या फिरत्या चाकास हात लागला म्हणजे तें जसें मंदावतें, तसें पृथ्वीचें फिरणें मंदावतें. पण फिरण्याचा जो सांठा पृथ्वी गमावते तो नाहींसा होत नाहीं. पुढें गेलेला फुगवटा आपल्या ओढीनें चंद्रास त्याच्या मार्गावर सारखा पुढें खेंचीत असतो. अशा रीतीनें पृथ्वीचा सांठा चंद्राच्या पदरीं जमा होतो. ज्याच्या पदरीं असा सांठा पडतो तो कक्षेंत अधिक उंच चढतो. येथें एक गंमत आहे. पुढें खेंचल्यामुळें चंद्र जलद जाईल असें वाटतें. प्रत्यक्षांत तो उंच चढतो आणि उंचावरील कक्षेंत त्याची चाल पहिल्यापेक्षां मंद होते.

ह्या व्यवहाराचा सुगावा प्रथम लागला तो जुन्या ग्रहणांवरून. १६९५ सालीं एडमंड हॅली याच्या लक्षांत आलें कीं, प्राचीन ग्रहणांच्या नोंदी व स्वतःच्या काळचीं निरीक्षणें यांचा मेळ घातला तर चंद्र पूर्वींपेक्षां जलद चालूं लागला आहे असें दिसतें. १७५४ सालीं तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट यानें भरतीच्या घर्षणानें पृथ्वीचें फिरणें मंदावत असलें पाहिजे असा तर्क मांडला. परंतु त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १७८७ सालीं लाप्लास यानें चंद्राच्या ह्या जलदगतीचें कारण पृथ्वीच्या कक्षेच्या आकारांत होणाऱ्या हळूहळू फरकांत शोधलें, आणि कोडें सुटलें असें सर्वांस वाटलें. १८५३ सालीं जॉन कौच ॲडम्स यानें तें गणित पुन्हां तपासलें, तेव्हां लाप्लासच्या कारणानें निम्मीच बाब उलगडते असें निघालें. ह्यावरून मोठा वाद माजला. अखेरीस १८६५ सालीं फ्रान्सचा देलोने यानें दाखविलें कीं, उरलेला दोष चंद्राचा नव्हे, पृथ्वीचा आहे. ज्या घड्याळानें चंद्राची चाल मोजावयाची, तें पृथ्वीचें घड्याळच मागें पडत आहे. म्हणून चंद्र पुढें गेल्यासारखा दिसतो.

ह्या गोष्टीचा उत्तम साक्षीदार म्हणजे बाबिलोन येथील मातीची पाटी. इसवी सनापूर्वीं १३६ ह्या वर्षीं १५ एप्रिल रोजीं तेथें खग्रास सूर्यग्रहण लागलें. तेथील निरीक्षकांनीं त्याची वेळ टिपून ठेविली आणि भर दिवसां शुक्र व बुध दिसले, तसेच एरवीं सूर्याजवळ असल्यामुळें अदृश्य असलेले गुरु व मंगळहि दिसले, अशी नोंद केली. नोंद इतकी स्पष्ट आहे कीं, तीविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. परंतु पृथ्वी तेव्हांपासून आजवर एकाच गतीनें फिरत आली असें धरून गणित केलें, तर त्या ग्रहणाची छाया बाबिलोनवर पडतच नाहीं. ती सुमारें ४९ अंश पश्चिमेकडे जाते. ४९ अंश म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचे सव्वातीन तास. तेव्हां दोनच गोष्टी शक्य : एक तर त्या लोकांनीं न पाहिलेलें ग्रहण लिहून ठेविलें, किंवा पृथ्वीचें घड्याळ मधल्या काळांत सव्वातीन तास चुकलें. दुसरीच गोष्ट खरी आहे.

आणि ही चूक किती बारीक बारीक थेंबांनीं सांठते हें पाहण्यासारखें आहे. प्राचीन ग्रहणांवरून दिवसाची लांबी एका शतकास सुमारें १.८ सहस्रांश सेकंदानें वाढते असें निघतें. एवढा वेळ डोळ्याची पापणी लवण्यासहि पुरत नाहीं. परंतु दोन हजार वर्षांत दिवसाचा फरक छत्तीस सहस्रांश होतो, सरासरी अठरा धरावी. आणि त्या अवधींत सात लक्षांहून अधिक दिवस उगवतात. रोजचे अठरा सहस्रांश सात लक्ष वेळां मिळविले कीं बेरीज तीन तासांच्या वर जाते. सावकाराच्या वहींतील चक्रवाढीप्रमाणें ही रक्कमहि थकबाकीनेंच मोठी होते.

वास्तविक एकट्या भरतीच्या घर्षणानें दिवस शतकास ह्याहूनहि थोडा अधिक, म्हणजे सुमारें २.३ सहस्रांश लांबावयास हवा. परंतु गेल्या हिमयुगांत उत्तरेकडील भूमि बर्फाच्या भारानें दबली होती. तें बर्फ वितळल्यापासून ती पुन्हां हळूहळू वर येत आहे. त्यामुळें पृथ्वीचा कंबरेचा फुगीरपणा किंचित् कमी होतो आणि फेर धरणाऱ्या मुलीनें हात जवळ घेतले कीं तिची गिरकी वाढावी, तशी पृथ्वीची गति थोडी वाढते. भरतीचें मंदावणें आणि हें वाढणें यांची वजाबाकी होऊन १.८ चा आंकडा उरतो.

ग्रहणांच्या नोंदी फार तर तीन हजार वर्षांमागें जातात. त्यामागील साक्ष मनुष्याची नव्हे, दगडाची आहे. प्रवाळ रोज आपल्या कवचावर चुन्याचा एक अतिशय पातळ थर चढवितो, आणि ऋतूंप्रमाणें ह्या थरांत वर्षाचा ठसाहि उमटतो. १९६३ सालीं अमेरिकेतील जॉन वेल्स यांनीं सुमारें ३८ कोटी वर्षांपूर्वींच्या प्रवाळांचे अवशेष घेऊन एका वर्षाच्या ठशांत किती रोजचे थर आहेत हें मोजलें. तीनशें पासष्ट नव्हे, सुमारें चारशें थर निघाले. वर्ष तेंच, परंतु त्यांत दिवस चारशें. म्हणजे दिवस बावीस तासांच्या आसपास होता. त्या काळीं कोणी पंचांग मांडलें असतें तर एका वर्षांत त्याला तेरा चांद्रमास मांडावे लागले असते. आज चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असून बारा मासांचे ३५४ दिवस होतात आणि उरलेली अकरा दिवसांची तूट भरून काढण्यास सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं अधिक मास घ्यावा लागतो. पंचांगाचे हे सर्व अंक पृथ्वी-चंद्राच्या चालू स्थितीचे आहेत. ते अनादि नाहींत.

ही झाली पृथ्वीच्या मंदावण्याची साक्ष. चंद्राच्या दूर जाण्याचें माप प्रत्यक्ष चंद्रावरूनच मिळालें. १९६९ सालच्या जुलै महिन्यांत ‘अपोलो ११’ च्या वीरांनीं चंद्रावर एक चौकट ठेविली. तींत शंभर लोलक असे बसविलेले आहेत कीं, प्रकाशाचा किरण ज्या दिशेनें येईल त्याच दिशेस तो परततो. १९७१ सालीं ‘अपोलो १४’ व ‘अपोलो १५’ यांनीं आणखी दोन चौकटी ठेविल्या. रशियाच्या १९७० व १९७३ सालच्या दोन ‘लुनोखोद’ गाड्यांवरहि असेच लोलक होते. पृथ्वीवरील दुर्बिणींतून लेसर किरणांचा झोत ह्या लोलकांवर सोडतात. तो जाऊन परत येण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात. चंद्रापर्यंत पोंचतां पोंचतां झोत कित्येक किलोमीटर पसरतो आणि परततांना आणखी पसरतो, म्हणून असंख्य प्रकाशकण सोडले असतां मोजकेच हातीं लागतात. तरीहि त्यांची वेळ इतक्या नेमकेपणानें मोजतां येते कीं, चार लक्ष किलोमीटरांच्या अंतरांतील सेंटिमीटराहूनहि लहान फरक कळतो. त्यांतील पहिल्या रशियन गाडीचा ठावठिकाणा तर कित्येक वर्षें हरवला होता. २०१० सालीं तो सांपडला आणि जुना लोलक पुन्हां चमकला. भारताच्या ‘चंद्रयान ३’ चा ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरला. त्याच्यावरहि असाच एक लहानसा लोलकांचा संच आहे आणि चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानें डिसेंबर २०२३ मध्यें त्यावर लेसर सोडून परतीचा किरण टिपला.

ह्या सर्व मोजणीचा निष्कर्ष असा कीं, चंद्र वर्षास सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. मनुष्याच्या बोटाचें नख साधारण ह्याच वेगानें वाढतें. सत्तर वर्षें जगलेल्या मनुष्याच्या जन्मीं चंद्र होता त्याहून तो त्याच्या मृत्यूच्या वेळीं अडीच मीटरांहून थोडा अधिक दूर गेलेला असतो.

येथें एक शंका उद्भवते. चंद्र जवळ होता तेव्हां भरत्या मोठ्या, घर्षण मोठें; अर्थात् तो अधिक वेगानें दूर जात असला पाहिजे. आजच्या घर्षणावरून हें गणित मागें मागें नेलें तर सुमारें दीडशें कोटी वर्षांपूर्वीं चंद्र पृथ्वीस जवळजवळ टेकलेला निघतो. परंतु ‘अपोलो’ यानांनीं आणलेल्या ३८२ किलोग्रॅम खडक-मातींतील अत्यंत जुने तुकडे चारशें कोटी वर्षांहूनहि वृद्ध आहेत. मग गणित चुकलें कोठें? तें ‘आजच्या’ ह्या शब्दांत चुकलें. समुद्रांचा आजचा विस्तार व खोली अशी आहे कीं, भरतीच्या तालाशीं त्यांचा स्वतःचा हेलकावा बराचसा जुळतो, आणि झोपाळ्यास वेळ साधून दिलेल्या झोक्याप्रमाणें भरती जोर धरते. भूखंडें सरकत आलीं आहेत. पूर्वीं समुद्रांची मांडणी निराळी होती आणि घर्षण बरेंच कमी होतें. हा खुलासा मानला कीं खडकांचें वय आणि चंद्राची चाल यांचा मेळ बसतो. सध्यां बहुमान्य मत असें आहे कीं, सुमारें ४५० कोटी वर्षांपूर्वीं मंगळाएवढा एक गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यांतून चंद्र घडला. चंद्रांत लोखंड कमी असणें आणि त्याच्या खडकांतील प्राणवायूचे प्रकार पृथ्वीच्या खडकांशीं जुळणें, हीं त्या मताचीं मोठीं प्रमाणें होत.

मनुष्याच्या व्यवहारांत ह्या सगळ्याचा स्पर्श कोठें होतो? एक तर घड्याळांत. आण्विक घड्याळांचा सेकंद एकोणिसाव्या शतकांतील दिवसाच्या लांबीशीं जुळता ठेविला गेला. त्यानंतर दिवस लांबला. म्हणून १९७२ पासून २०१६ पर्यंत जगाच्या वेळेंत सत्तावीस वेळां एक एक जादा सेकंद घालावा लागला. शेवटचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा. भारतांत तो १ जानेवारी २०१७ च्या पहांटें साडेपांचाच्या ठोक्यापूर्वीं पडला. पृथ्वीच्या पोटांतील व हवेंतील हालचालींनीं तिची गति थोड्या काळापुरती कमी-अधिक होते. त्यामुळें पुढें कित्येक वर्षें तसा सेकंद घालावा लागला नाहीं आणि २०३५ पर्यंत ही पद्धतच बंद करावी असें २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें. परंतु लांब पल्ल्याचा कल पालटलेला नाहीं.

दुसरा स्पर्श ऋतूंचा आहे. पृथ्वीचा आंस सुमारें २३.४ अंश कलला आहे. त्या कलण्यानेंच उन्हाळा, पावसाळा आणि हिंवाळा होतात. १९९३ सालीं जाक लास्कार व त्यांचे सहकारी यांनीं गणितानें दाखविलें कीं, चंद्र नसता तर हें कलणें दीर्घ काळांत फार मोठ्या प्रमाणांत बदलूं शकलें असतें. पुढील गणितांवरून ती भटक कांहींशी कमी असावी असें दिसलें. तथापि जड चंद्र नसलेल्या मंगळाचा आंस मागील काळांत पुष्कळच डोलत आला आहे, हें खरें. मान्सूनचें वेळापत्रक एवढ्या युगांत टिकून राहण्यांत ह्या सोबत्याचाहि वांटा आहे.

तिसरा स्पर्श ग्रहणांचा. सूर्य चंद्राच्या सुमारें चारशें पट मोठा आणि सुमारें चारशें पट दूर. म्हणूनच आकाशांत दोन्ही बिंबें जवळजवळ सारखीं दिसतात आणि खग्रास ग्रहण शक्य होतें. चंद्र दूरच्या बिंदूवर असला कीं तें कंकणाकृति होतें. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं भारतावरून गेलेल्या खग्रास ग्रहणाच्या आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत लॉकियर यांनीं केलेल्या निरीक्षणांतून सूर्यावर एका नव्या मूलद्रव्याची खूण सांपडली, तेंच हेलियम. पृथ्वीवर तें मिळाल्यास अजून पाव शतक लागावयाचें होतें. बिंबें जुळण्याचा हा योग कायमचा नव्हे. चंद्र आजच्याच वेगानें जात राहिला तर सुमारें साठ कोटी वर्षांनीं तो जवळच्या बिंदूवर असतांनाहि सूर्यबिंब पुरें झांकूं शकणार नाहीं. त्या वेळेपर्यंत चंद्राची भरती आजच्याहून सुमारें एक षष्ठांश उतरलेली असेल.

शेवट काय? चंद्राचें फिरणें पृथ्वीनें पूर्वींच इतकें मंदावून ठेविलें आहे कीं, तो पृथ्वीस सदैव एकच तोंड दाखवितो. पुरेसा काळ मिळाला तर पृथ्वीचीहि तीच गत होईल. दिवस आणि महिना दोन्ही आजच्या सुमारें सत्तेचाळीस दिवसांएवढे होतील आणि चंद्र पृथ्वीच्या एकाच बाजूच्या आकाशांत खिळून राहील. प्लूटो आणि त्याचा सोबती कॅरन ह्या स्थितीस केव्हांच पोंचले आहेत. परंतु पृथ्वीस तेवढी सवड मिळणार नाहीं. त्या स्थितीस हजारों कोटी वर्षें लागतील. आणि सूर्य वाढत्या तेजानें सुमारें शंभर कोटी वर्षांत समुद्र आटवूं लागेल. समुद्र गेला कीं भरती गेली, भरती गेली कीं घर्षणहि बहुतेक संपलें. चंद्राचें जाणें थांबेल तें चंद्राच्या इच्छेनें नव्हे, समुद्राच्या अभावानें.

तोंवर हिशेब चालूंच राहील. अलिबागच्या वाळूवर पाणी रोज दोनदां चढेल व दोनदां उतरेल, आणि दर भरतीबरोबर पृथ्वीच्या खात्यांतून कांहींतरी उचलून चंद्राच्या खात्यांत जमा होईल. कोळ्याच्या पाऊणपटीस त्यानें हजारों वर्षें कांहीं बाध येणार नाहीं. किल्ल्यास जाणाऱ्या प्रवाशानें मात्र परतीची वेळ तिथीवरून आधींच काढून ठेवावी.